परळ ते मुलुंड: ४७ वर्षं

परळहून स्लो लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत-बाहेर मुलुंड येतं. रुळांवरून मोजलं तर वीस-बावीस किलोमीटर. एका शस्त्रक्रियेला मात्र हे अंतर कापायला ४७ वर्षं लागली.

फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाच्या छातीत दुसऱ्या माणसाचं हृदय बसवलं. आशियातला हा पहिला प्रयत्न होता, आणि जगातला सहावा. त्याच वर्षी त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. नंतर मुंबईत हे ऑपरेशन थांबलं ते थांबलंच. पुन्हा झालं ते ऑगस्ट २०१५ मध्ये, मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात.

मी भांडुपचा. गोरेगाव-मुलुंड लिंक रोडवरची ती इमारत आमच्या रोजच्या येण्याजाण्यातली. २०१५ च्या बातम्यांत ‘४७ वर्षांनंतर’ हे शब्द पुन्हापुन्हा येत होते, आणि मला त्या ऑपरेशनपेक्षा त्या ४७ वर्षांचंच कुतूहल जास्त वाटत राहिलं. जे शहर जगात सहावं होतं, ते एवढं मागे कसं पडलं? सर्जन कमी पडले? पैसा कमी पडला? की आपण नेहमी म्हणतो तसं ‘आपल्याकडे काही होतच नाही’?

शोधत गेल्यावर यातलं एकही उत्तर पुरं पडेना. हाती लागली ती एक लांबलचक साखळी. तिच्यात सर्जन ही फक्त एक कडी होती.

शंभर कुत्री आणि एक पालिका रुग्णालय

आधी १९६८ नीट समजून घेऊ. कारण ‘त्या काळात कुणीतरी धाडस केलं’ एवढ्यावर ते सोडून दिलं, तर पुढचं काहीच कळत नाही.

३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनमध्ये क्रिस्तियान बार्नार्ड यांनी माणसावरचं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढच्या काही आठवड्यांत अमेरिकेत एड्रियन कँट्रोविट्झ आणि नॉर्मन शमवे यांनी शस्त्रक्रिया केल्या, बार्नार्ड यांनी दुसरी केली. आणि बार्नार्ड यांच्या पहिल्या ऑपरेशननंतर अवघ्या अडीच महिन्यांत यादीत मुंबईचं नाव लागलं.

ही घाईघाईतली नक्कल नव्हती. सेन आणि त्यांचे सहकारी, म्हणजे डॉ. गुरुकुमार परुळकर, डॉ. पांडे, पॅथॉलॉजिस्ट डॉ. किणारे, ही मंडळी त्याआधी काही वर्षं केईएमच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपण करत होती. अशा १०० प्रयोगांचा अहवाल त्यांनी १९६५ मध्येच प्रसिद्ध केला होता. म्हणजे बार्नार्ड जगाला माहीत होण्याच्या दोन वर्षं आधी. आणि हे सगळं महापालिकेच्या रुग्णालयात चाललं होतं, जिथे वॉर्डात गिरणी कामगार असायचे आणि बाहेर ओपीडीची रांग.

हात तयार होते. यंत्र होतं. टीम होती. तरीही पहिला रुग्ण जेमतेम तीन तास जगला. सप्टेंबर १९६८ मधला दुसरा रुग्ण चौदा तासांच्या आसपास. तिसरा प्रयत्न झाला नाही.

थांबणारं केईएम एकटं नव्हतं. १९६८ या एका वर्षात जगभर शंभरच्या आसपास हृदय प्रत्यारोपणं झाली. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला आपलं नाव यादीत हवं होतं. बहुतेक रुग्ण काही दिवसांत, काही आठवड्यांत गेले. १९७० नंतर जवळजवळ सगळ्यांनी हे काम बंद केलं.

तेव्हा अडलेल्या गोष्टी दोन होत्या, आणि दोन्हीही सर्जनच्या हाताबाहेरच्या.

पहिली गाठ: शरीर म्हणतं, हे माझं नाही

दुसऱ्याचा अवयव शरीर स्वीकारत नाही. संसर्गावर हल्ला करणारी प्रतिकारशक्ती नव्या हृदयावरही तसाच हल्ला करते. टाके कितीही सुंदर असोत, तिला त्याचं काही नसतं. ती शक्ती फार दाबली तर रुग्ण साध्या संसर्गाने जातो, आणि नाही दाबली तर हृदय जातं.

बाकीच्यांनी दुकान बंद केल्यावरही कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शमवे यांची टीम चिकाटीने काम करत राहिली. त्यांच्या कामाला मथळे मिळाले नाहीत. कोणत्या रुग्णाला घ्यायचं आणि कोणाला नाही, कोणतं औषध किती द्यायचं, नाकारण्याची पहिली खूण कशी ओळखायची, असली ती सगळी कंटाळवाणी कामं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या फिलिप केव्हज यांनी मानेच्या शिरेतून एक बारीक चिमटा हृदयापर्यंत नेऊन कणभर तुकडा काढायची पद्धत बसवली. आता छाती न उघडता कळू लागलं की शरीर हृदयावर चाल करून आलंय की नाही.

दुसरी मदत आली मातीतून. नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावरच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत सायक्लोस्पोरिन हे औषध तयार झालं. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. संसर्गाशी लढायची ताकद बरीचशी शाबूत ठेवून हे औषध नेमकी नाकारण्याची प्रक्रिया आवरत होतं. जगभर बंद पडलेली हृदय प्रत्यारोपणाची केंद्रं १९८० च्या दशकात पुन्हा सुरू झाली ती मुख्यतः या औषधामुळे.

म्हणजे पहिली गाठ सुटली. मुंबई तरीही थांबलेलीच होती. कारण दुसरी गाठ.

दुसरी गाठ: माणूस मेला कधी?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो. पण आयसीयूमध्ये त्याचं उत्तर फॉर्मवर सही करून द्यावं लागतं.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात मृत्यू म्हणजे हृदय थांबणं. पण थांबलेलं हृदय दुसऱ्याला देऊन उपयोग काय? १९६८ च्या सर्जनांपुढे हाच पेच होता. डोक्याला जबर मार बसलेल्या माणसाचा मेंदू कायमचा बंद पडतो, तरी व्हेंटिलेटरवर त्याचं हृदय चालू राहतं, अंग गरम राहतं. त्याला मृत म्हणायचं का? हार्वर्डच्या समितीने या अवस्थेचे निकष ऑगस्ट १९६८ मध्ये मांडले. म्हणजे केईएममधल्या पहिल्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी.

हा पेच किती खोल जाऊ शकतो ते जपानमध्ये दिसतं. ऑगस्ट १९६८ मध्येच साप्पोरोला डॉ. जुरो वादा यांनी जपानचं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण ८३ दिवस जगला. पण ज्याचं हृदय घेतलं तो माणूस खरंच मृत होता का, यावरून वादळ उठलं. वादांवर खुनाची फिर्याद झाली. पुढे ती टिकली नाही, पण लोकांच्या मनातला संशयही गेला नाही. मेंदूमृत्यूचा कायदा यायला १९९७ उजाडलं आणि पुढचं हृदय प्रत्यारोपण झालं फेब्रुवारी १९९९ मध्ये. पैसा, यंत्रं, डॉक्टर, कशाचीही कमतरता नसलेल्या देशाला ३१ वर्षं लागली. ‘आपल्याकडे काही होतच नाही’ हे उत्तर मला पटेनासं झालं ते जपानबद्दल वाचल्यावर.

आता किडनीशी तुलना करून पाहा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये किडनी प्रत्यारोपण यशस्वी झालं आणि मग ते देशभर पसरलं. किडन्या दोन असतात. आई देऊ शकते, भाऊ देऊ शकतो. मृत्यूची व्याख्या न बदलता, दुसऱ्या रुग्णालयाला फोन न करता, एकाच इमारतीत सगळं होतं. आधीच्या घडीत बसणारी नवी गोष्ट लवकर रुजते. हृदयाला घडीच बदलायला हवी होती.

किडनीच्या या सोपेपणाला काळी बाजूही होती. जिवंत माणूस देऊ शकतो म्हणजे गरीब माणूस विकूही शकतो. १९८० च्या दशकात मुंबई किडनीच्या खरेदी-विक्रीसाठी बदनाम झाली होती. अखेर १९९४ मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. त्याने एका दगडात दोन पक्षी मारले: अवयवांची विक्री गुन्हा ठरवली आणि मेंदूमृत्यूला कायद्याने मृत्यू मानलं. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने असा केंद्रीय कायदा व्हावा असे ठराव काही राज्यांनी आधी केले होते. त्या मोजक्या राज्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्र होता.

कायद्याची शाई वाळते न वाळते तोच, ३ ऑगस्ट १९९४ ला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. पुढे चेन्नईतही झालं.

औषध आलं, कायदा आला, देशात उदाहरणही झालं. मुंबईत मात्र अजून वीस वर्षं काहीच नाही.

कायद्याच्या पुस्तकातून आयसीयूत

या वीस वर्षांबद्दल फारसं लिहिलं जात नाही, कारण त्यांत सांगण्यासारखी घटनाच नाही. मला मात्र नवं तंत्र रुजतं कसं याचं खरं उत्तर इथेच दिसतं.

कल्पना करा, उपनगरातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या रुग्णालयात रात्री एक बाईकवाला आलाय. हेल्मेट नव्हतं. मेंदूला सूज, दुसऱ्या दिवशी बाहुल्या प्रतिसाद देत नाहीत. आयसीयूच्या डॉक्टरला शंका येते. आता कायद्याप्रमाणे काय करायचं?

चार डॉक्टरांच्या मंडळाने तपासायचं. त्यातले दोघे सरकारने मान्यता दिलेल्या यादीतले हवेत. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला त्यात कुणी चालत नाही. सगळ्या चाचण्या दोनदा करायच्या, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. त्यातली निर्णायक चाचणी म्हणजे ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला काढायचा आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर छाती एकदा तरी आपणहून हलते का ते पाहायचं. अपघाताची केस असेल तर पोलिसांची परवानगी, शवविच्छेदनाची व्यवस्था. आणि या सगळ्याच्या मध्यभागी बाहेर बाकड्यावर बसलेलं कुटुंब. त्यांना आधी सांगायचं की मुलगा गेला. मॉनिटरवर हिरवी रेघ उड्या मारत असताना सांगायचं. आणि मग विचारायचं.

आता त्या डॉक्टरच्या जागी उभे राहा. हे सगळं करून त्याच्या पेशंटला काही मिळणार नाही. त्याच्या रुग्णालयालाही नाही, कारण अवयव जातील दुसरीकडे. चूक झाली तर शिव्या, कदाचित मारहाण, कदाचित केस. काहीच केलं नाही तर? कुणी विचारणारसुद्धा नाही. एक-दोन दिवसांत हृदय आपणहून थांबेल आणि फाइल बंद होईल.

ज्या कामात मेहनत एकाची आणि फायदा दुसऱ्याचा, ते काम नुसत्या चांगुलपणावर चालत नाही. त्यासाठी ते कुणाची तरी नोकरी व्हावं लागतं.

ते हळूहळू झालं. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं उभी राहिली. मुंबईचं केंद्र शीवच्या रुग्णालयाच्या आवारात. यादी एकच, क्रम ठरलेला, अवयव कुणाला जाणार हे रुग्णालयाच्या मर्जीवर नाही. केंद्रीय कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २०१४ मध्ये अमलात आली. आयसीयूत अशा रुग्णाच्या नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारणं ही आता रुग्णालयाची जबाबदारी ठरली. जिथे प्रत्यारोपण होत नाही अशा रुग्णालयांनाही अवयव काढण्यासाठी नोंदणी करता येऊ लागली. न्यूरोलॉजिस्ट नसेल तर भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञाला मंडळात बसवता येऊ लागलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर नेमणं बंधनकारक झालं.

हा कोऑर्डिनेटर बहुतेकदा सर्जन नसतो. समाजसेवेची पदवी घेतलेली एखादी मुलगी, एखादी अनुभवी नर्स. तिचं काम म्हणजे बाकड्यावरच्या त्या कुटुंबाशेजारी बसणं, घाई न करणं, चार वेळा तोच प्रश्न आला तरी चार वेळा उत्तर देणं. आणि एकीकडे फोन: समन्वय केंद्र, पोलीस, लॅब, विमान. हृदय बसवण्याच्या तंत्राइतकीच ही भूमिका म्हणजे एक शोध आहे असं मला वाटतं. तिला कुणी नोबेल देत नाही एवढंच.

दरम्यान चेन्नईने एक धडा घालून दिला होता. सप्टेंबर २००८ मध्ये हितेंद्रन या १५ वर्षांच्या मुलाचा अपघात झाला. आईवडील दोघेही डॉक्टर. त्यांनी त्याचे अवयव दिले आणि हृदय घेऊन जाणाऱ्या गाडीसाठी पोलिसांनी शहराचा रस्ता मोकळा केला. तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी नियम, याद्या, जबाबदाऱ्या कागदावर आणल्या. एका कुटुंबाने दिलेला धक्का आणि तो झेलायला तयार असलेलं प्रशासन, असं दोन्ही एकाच वेळी जुळलं.

मुलुंड, ऑगस्ट २०१५

मुलुंडचं फोर्टिस म्हणजे पूर्वीचं वोक्हार्ट. २००९ मध्ये मालकी बदलली. तिथे डॉ. अन्वय मुळे यांची टीम हृदय प्रत्यारोपणासाठी तयार झाली होती. परवाना होता, यादीवर रुग्ण होते. नव्हतं ते हृदय.

ते आलं पुण्याहून. तिथल्या एका महिलेला मेंदूमृत घोषित केलं गेलं आणि घरच्यांनी होकार दिला. आधी आपला विभाग, मग राज्यातले इतर विभाग, असा वाटपाचा क्रम असतो. त्या क्रमाने हृदय मुंबईकडे आलं आणि ३ ऑगस्टला मुलुंडच्या ऑपरेशन थिएटरात ते बदलापूरच्या बाविशीतल्या एका तरुणाच्या छातीत धडधडू लागलं. योगायोग असा की दिल्लीतल्या त्या पहिल्या यशाला बरोबर २१ वर्षं त्याच दिवशी पूर्ण होत होती.

यातला कळीचा आकडा आहे चार तास. किडनी बर्फात दिवसभरही टिकते, यकृत बारा तासांच्या आसपास. हृदयाला एका छातीतून दुसऱ्या छातीत रक्त मिळायला लागेपर्यंत चारेक तासच असतात. आता उपनगरात राहणाऱ्या कुणालाही विचारा की विमानतळावरून मुलुंडला यायला किती वेळ लागतो. अंधेरीतून जेव्हीएलआर धरा, पवईला अडका, कांजूरला अडका, मग एलबीएस किंवा हायवे. संध्याकाळी तास-दीड तास सहज. म्हणजे चार तासांतला मोठा तुकडा नुसता ब्रेकवर पाय ठेवून संपणार.

म्हणून ग्रीन कॉरिडॉर. रुग्णालयाचा कोऑर्डिनेटर वाहतूक पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला कळवतो, मार्ग ठरतो, नाक्यानाक्यावर हवालदार उभा राहतो, सिग्नल हाताने चालवला जातो, पुढे पायलट गाडी. त्यात काहीच हायटेक नाही. शिट्टी, वायरलेस आणि वेळेवर वर केलेला हात. पण हृदयाच्या चार तासांत पुणे मुलुंडच्या जवळ येतं ते याच हातांमुळे. १९६८ मध्ये दाता आणि रुग्ण एकाच रुग्णालयात असावे लागत. २०१५ मध्ये पुणे ते मुलुंड हा सगळा पट्टा एक रुग्णालय झाला. पुढे सुरतसारख्या शहरांतूनही हृदयं मुलुंडला आली.

आणि मग खरी परीक्षा. पहिलं ऑपरेशन बातमीसाठी पुरतं. नवी गोष्ट रुजली की नाही हे ठरतं दहाव्या, तिसाव्या वेळी, जेव्हा फोटोग्राफर येत नाहीत. रात्री दोनला फोन आला तर कोण निघणार, देऊ केलेलं हृदय चांगलं नसेल तर ‘नको’ म्हणायची हिंमत कोण करणार, घरी गेलेला रुग्ण औषध चुकवतोय हे कुणाच्या लक्षात येणार? मुलुंडमध्ये ही उत्तरं बसत गेली. काही वर्षांत त्या एका रुग्णालयाने शंभर हृदय प्रत्यारोपणांचा टप्पा ओलांडला आणि शहरातली दुसरी रुग्णालयंही या कामात उतरली. १९६८ चा प्रयत्न आणि २०१५ चा कार्यक्रम यांतला फरक तो हाच.

तुटू शकणारी कडी

साखळी तयार झाली म्हणजे ती पक्की झाली असं मात्र नाही.

मुलुंडच्या पहिल्या हृदयाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा जुलै २०१६ मध्ये जवळच पवईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात किडनीचं एक ऑपरेशन पोलिसांनी मध्येच थांबवलं. बनावट कागदपत्रांनी पत्नी असल्याचं दाखवून एक बाई किडनी देत होती, असा आरोप होता. डॉक्टरांना अटक झाली. लोकांनी वाचलं आणि त्यांच्या मनात सगळंच एकत्र झालं: किडनी, हृदय, दान, धंदा. जिवंत माणसाच्या किडनीचा बाजार आणि मृत व्यक्तीचं हृदय एका सार्वजनिक यादीनुसार देणं या दोन टोकांच्या गोष्टी आहेत. पण बाकड्यावर बसलेल्या बापाला एवढा फरक करायची मनःस्थिती नसते. ‘अवयवांसाठी मारून टाकतात’ हे व्हॉट्सअॅपवरचं वाक्य त्याने आधीच वाचलेलं असतं.

यंत्र बिघडलं तर नवं आणता येतं. विश्वास बिघडला तर काय होतं ते जपानने ३१ वर्षं भोगून पाहिलं.

दुसरी कच्ची कडी पैशाची. खासगी रुग्णालयात हृदय प्रत्यारोपणाचा खर्च लाखांत जातो आणि त्यानंतर औषधं जन्मभर. मुलुंडच्या अनेक रुग्णांसाठी ट्रस्ट, देणगीदार, मुख्यमंत्री निधी असं जमवाजमव करून पैसे उभे राहिले. पण हृदय देणाऱ्यांत गरीब घरंही असतात. देताना सगळे आणि घेताना फक्त परवडणारे, असं झालं तर ती साखळी न्याय्य नाही आणि टिकणारीही नाही. लोक मूर्ख नसतात. त्यांना हे दिसतं.

म्हणून मला यातली अलीकडची बातमी २०१५ इतकीच मोठी वाटते. जुलै २०२४ मध्ये हृदय प्रत्यारोपण परत परळला आलं. केईएममध्ये, ५६ वर्षांनी. पुन्हा महापालिकेच्या रुग्णालयात. सेन यांच्यापाशी नव्हतं ते सगळं आता भोवती होतं: औषध, कायदा, यादी, कोऑर्डिनेटर, रस्त्यावरचा हवालदार. पश्चिम विभागाचं प्रत्यारोपण कार्यालयही आज केईएमच्याच आवारात आहे. पालिका रुग्णालयात हे काम नित्याचं होईल का, ते तिथलं दहावं, तिसावं ऑपरेशन सांगेल.

मी आता १९६८ कडे अपयश म्हणून बघत नाही, आणि ‘काळाच्या पुढे’ असलं कौतुकही करत नाही. सेन यांनी एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर एका माणसाला, एका विभागाला, एका रुग्णालयाला देता येण्यासारखं नव्हतं. बुरशी शोधणारे, कायदा लिहिणारे, फॉर्म भरणारे, सिग्नलवर उभे राहणारे असे कितीतरी लोक त्या उत्तरात हळूहळू सामील झाले. बहुतेकांना आपण कशाचा भाग आहोत हे ठाऊकही नव्हतं.

या साखळीतली एक कडी मात्र कुठल्याच संस्थेच्या हातात नाही. आपल्याकडे तुम्ही ऑनलाइन नोंदणी केली, डोनर कार्ड पाकिटात ठेवलं, तरी ती वेळ आली की प्रत्यक्षात घरच्यांनाच विचारलं जातं. त्या रात्री आयसीयूबाहेर तुमची आई किंवा तुमचा भाऊ बसलेला असेल आणि त्यांच्यासमोर प्रश्न असेल: ‘त्याला काय वाटलं असतं?’ ज्या घरात हे कधी बोललंच गेलं नाही, तिथे उत्तर बहुधा ‘नको’ येतं, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. ज्या घरात कधीतरी जेवताना, टीव्ही बघताना हा विषय निघून गेलेला असतो, तिथे निदान एक धागा हाताशी असतो.

तो विषय काढायला दोन मिनिटं लागतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, आई ‘जेवताना काय हे’ म्हणते, आणि मग पुढचा घास घेतला जातो.